मोटारीच्या दिव्यांचा फ्यूज पुनः पुनः कां जातो?

चंद्रपूर शहरालगतच्या औष्णिक वीजकेंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. तेथील वीज उंच मनोऱ्यांवरील तारांतून दूरदूरच्या शहरांत जाते आणि तेथील घरें उजळविते. परंतु त्याच चंद्रपुराहून दिवेलागणीला मूलच्या रस्त्यानें निघालेली एखादी मोटार, बोटाच्या पेराएवढ्या एका तुकड्यामुळें भर अरण्यांत अंधारांत उभी राहते. हा तुकडा म्हणजे फ्यूज. नवा बसवावा तर दिवे क्षणभर लागतात आणि पुनः जातात. आणखी एक बसवावा तर तोहि जातो. मग चालक फ्यूजवरच चिडतो, हल्लीं माल चांगला येत नाहीं असें म्हणतो, आणि शेवटीं सिगारेटच्या पाकिटांतील चांदी किंवा तारेचा तुकडा त्या जागीं अडकवून गाडी पुढें दामटतो. या शेवटच्या कृत्यांत केवढा धोका आहे आणि त्याऐवजीं काय करावें, हें नीट समजून घेण्यासारखें आहे. कारण ज्याच्या घरीं मोटार आहे त्याच्यावर हा प्रसंग केव्हां ना केव्हां येण्याचा संभव असतोच.

चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत तर हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाहीं. १९८२ सालच्या २६ ऑगस्ट रोजीं जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग होऊन गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. त्याचा बहुतेक प्रदेश आजहि वनांनीं झांकलेला आहे. चंद्रपूर ते मूल हा रस्ता ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पाच्या दक्षिणेकडील रानांतून जातो. रात्रीं तेथें चितळ आणि रानडुकरें रस्ता ओलांडतात, आणि प्रसंगीं वाघहि आडवा येतो. आलापल्लीहून सिरोंच्याकडे किंवा भामरागडकडे जातांना सागवानाच्या दाटींतून कोसच्या कोस दिव्याचा ठिपका दिसत नाहीं. भामरागडकडील आजारी माणूस गडचिरोलीस आणावयाचा म्हणजे दीडशे किलोमीटरांहून अधिक वाट तोडावी लागते. अशा वाटेवर मागचे तांबडे दिवे विझलेली गाडी पाठीमागून येणाऱ्या ट्रकवाल्यास दिसत नाहीं, आणि पुढचे दिवे विझलेल्या गाडीच्या चालकास रस्त्यांत उभें असलेलें जनावर दिसत नाहीं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनीं रात्रीं पुढील पांढरे व मागील तांबडे दिवे लावणें सक्तीचें केलें आहे, तें काहीं उगीच नव्हे.

फ्यूजचें कार्य कळण्यासाठीं या मुलखांतील भातशेतीचेंच उदाहरण घ्यावें. मालगुजारांच्या काळीं बांधलेले अनेक तलाव येथें आहेत. तलावाचें पाणी पाटानें बांध्यांत येतें आणि धानाच्या मुळाशीं बेताबेतानें मुरतें. मोटारींत बॅटरी हा तलाव, तार हा पाट आणि बल्बमधील बारीक तंतु ही बांधी होय. तंतु बारीक असल्यामुळें तो विजेला सहजासहजीं वाट देत नाहीं; त्या अडवणुकींतच तो तापून पांढरा होतो आणि प्रकाश देतो. आतां मधेंच पाट फुटला तर काय होईल? बांधी कोरडी राहील आणि सारें पाणी उताराच्या वाटेनें नाल्यांत धांवेल. त्या लोंढ्यानें पाटाचे कांठहि वाहून जातील. विजेचेंहि तसेंच आहे. बल्बमधून न जातां तिला आडवाटेनें परत बॅटरीकडे जाण्यास मार्ग मिळाला कीं ती अफाट वेगानें धांवते आणि तार तापून लाल होते. यालाच शॉर्ट सर्किट किंवा नुसतें शॉर्ट होणें असें म्हणतात.

ही आडवाट मोटारींत फार सहज मिळते, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. घरांत प्रत्येक दिव्याला येण्याची एक व जाण्याची एक अशा दोन तारा असतात. मोटारींत मात्र बॅटरीचें ऋण टोक गाडीच्या लोखंडी अंगालाच जोडलेलें असतें. त्यामुळें दिव्याकडे एकच तार न्यावी लागते. परतीची वाट म्हणून गाडीचें अंग उपयोगी पडतें. यांत तारेची बचत होते खरी, परंतु तारेवरील रबरासारखें आवरण जेथें म्हणून घासून उघडें पडेल आणि लोखंडास टेकेल तेथें तेथें आडवाट तयार होते. अशा वेळीं तारेचा जीव वाचावा म्हणून वाटेच्या आरंभीं एक मुद्दाम दुबळा दुवा ठेवलेला असतो. प्रवाह मर्यादेबाहेर गेला कीं तो दुवा स्वतः वितळतो आणि मार्ग तोडतो. वितळणाऱ्या या दुव्याचें एक पेटंट १८९० सालीं एडिसन यानें घेतलें होतें. सध्यांच्या मोटारींत प्लॅस्टिकमध्यें बसविलेल्या पात्यांचे फ्यूज असतात आणि रंगावरून त्यांची ताकद ओळखतां येते : ५ अँपिअरचा फिकट बदामी, ७.५ चा तपकिरी, १० चा तांबडा, १५ चा निळा, २० चा पिवळा, २५ चा बिनरंगी आणि ३० चा हिरवा.

आतां थोडें गणित करावें. वॉटच्या आंकड्यास व्होल्टच्या आंकड्यानें भागलें म्हणजे अँपिअर निघतात. मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची. पुढचे दोन बारीक दिवे, मागचे दोन तांबडे आणि नंबराच्या पाटीवरचे दोन, असे प्रत्येकीं ५ वॉटचे सहा बल्ब धरले तर ३० वॉट होतात. त्यांस अडीच अँपिअर पुरतात. डॅशबोर्डावरील बारीकसारीक दिवे मिळविले तरी साडेतीनच्या वर आंकडा सहसा जात नाहीं. तेव्हां या दिव्यांसाठीं १० अँपिअरचा फ्यूज बसविलेला असूनहि तो जात असेल, तर फ्यूज दुबळा आहे असें म्हणण्यास जागाच उरत नाहीं. कोठेंतरी पाट फुटला आहे, हाच त्याचा अर्थ.

म्हणूनच १० च्या जागीं ३० चा फ्यूज किंवा नुसती तार बसविणें हा उपाय नसून अपराध आहे. वाटेंतील सर्वांत दुबळा दुवा प्रथम वितळतो, हा नियम कांहीं बदलत नाहीं. फ्यूज बळकट केला कीं सर्वांत दुबळा दुवा होते ती गाडींतील बारीक तार. ती तार गालिच्याखालून, आसनांमागून आणि इतर दहा तारांच्या जुडग्यांतून गेलेली असते. तिच्यावरील आवरण पेट घेतें, आणि मोटारींत पेट्रोल किंवा डिझेल असतेंच. फ्यूजची किंमत फार झाली तर कांहीं रुपये, आणि तीं वाचविण्यासाठीं सबंध गाडी व आंतील माणसें पणास लावावयाचीं, हा व्यवहार कोणत्या हिशेबांत बसतो?

शोध करण्यापूर्वीं दोन प्रकार वेगळे ओळखावे. फ्यूज बसवितांच किंवा बटण दाबतांच तत्काळ जातो, तेव्हां शॉर्ट असतो. दिवे पांच-दहा मिनिटें नीट चालून मग फ्यूज जातो, तेव्हां बहुधा भार अधिक झालेला असतो. फ्यूज आपल्या आंकड्यावर क्षणांत वितळत नाहीं. थोडा अधिक प्रवाह तो कांहीं काळ सोसतो आणि दुप्पट झाला तर कांहीं सेकंदांत जातो. गेलेला फ्यूजहि साक्ष देतो. मोठ्या शॉर्टनें गेलेल्याची पट्टी उडून आंतील बाजू काळवंडते. भारानें गेलेल्याची पट्टी मधोमध शांतपणें वितळलेली दिसते, आणि कित्येकदां प्लॅस्टिकहि मऊ पडलेलें असतें. ही खूण अचूक नव्हे, तरी दिशा दाखविण्यास पुरेशी आहे.

समजा, मूलहून सावलीमार्गें गडचिरोलीस जाणारी एक जीप आहे आणि तिच्या मागच्या दिव्यांचा फ्यूज आठवड्यांत चार वेळां गेला आहे. पहिलें काम हत्यार उचलण्याचें नसून आठवण्याचें आहे. फ्यूज नेमका केव्हां जातो? बटण दाबतांच? ब्रेक दाबल्यावर? गाडी मागें घेतांना? खड्ड्यांत आदळल्यावर? कीं पाऊस पडून गेल्यावर? बटण बंद असतांनाहि जात असेल तर दोष फ्यूज व बटण यांच्या दरम्यानच्या तारेंत असला पाहिजे; कारण वीज बटणाच्या पुढें गेलेलीच नाहीं. धक्क्यानें जात असेल तर लोंबती तार लोखंडास टेकते आहे. पावसानें जात असेल तर एखाद्या होल्डरांत पाणी शिरतें आहे. डिकीचें झांकण आपटल्यावर जात असेल तर बिजागरीजवळून जाणारी तार पाहावी. उघडझांप होतां होतां ती तेथें मोडते. चालकानें हें टिपून ठेवलें तर मिस्त्रीचें अर्धें काम होतें. तें न करतां दिसेल तें सुटें करणें म्हणजे "आग रामेश्वरीं, बंब सोमेश्वरीं" अशांतलाच प्रकार.

दुसरें काम दिव्यानें दिवा शोधण्याचें. प्रत्येक प्रयत्नाला एक फ्यूज जाळण्याची गरज नाहीं. ब्रेकच्या दिव्याचा १२ व्होल्ट, २१ वॉटचा बल्ब घ्यावा, त्याला दोन तारा जोडाव्या आणि फ्यूज काढून त्याच्या दोन खांचांत त्या तारांचीं टोकें बसवावीं. आतां सर्व वीज या बल्बांतून जाणार. शॉर्ट असला तरी २१ भागिले १२, म्हणजे पावणेदोन अँपिअरहून अधिक प्रवाह वाहूं शकत नाहीं. त्यामुळें तार तापत नाहीं आणि शोध निर्धास्तपणें करतां येतो. मग त्या फ्यूजवर चालणारे सर्व बल्ब होल्डरांतून काढावे आणि दिव्यांचें बटण चालू करावें. सर्व बल्ब काढल्यावर विजेला जाण्यास वाटच नसल्यामुळें आपला परीक्षेचा बल्ब विझलेला राहिला पाहिजे; डॅशबोर्डावरील बारीक दिव्यांमुळें तो किंचित् मिणमिणला तर चिंता नाहीं. परंतु तो लखलखीत पेटला, तर दोष तारेंत किंवा होल्डरांत आहे हें सिद्ध झालें.

या जीपच्या बाबतींत तो पेटला, असें धरूं. आतां जेथें जेथें तारांच्या जोडण्या सुटतात तेथें तेथें एकेक जोडणी सोडावी. मागची डावी सोडली, बल्ब पेटलेलाच. उजवी सोडली, तरी पेटलेलाच. नंबराच्या पाटीकडे जाणारी सोडली आणि बल्ब विझला. म्हणजे आडवाट त्या हातभर तारेंतच आहे. ती तार हातानें हळूहळू चाचपीत गेलें असतां, पत्र्याच्या भोंकांतून ती आंत जाते तेथील रबरी कडें गळून पडलेलें आढळेल आणि पत्र्याच्या धारेनें आवरण कापलेलें दिसेल. याच्या उलट, सर्व बल्ब काढल्यावर परीक्षेचा बल्ब विझला असता, तर एकेक बल्ब परत बसवीत जावें. जो बसवितांच परीक्षेचा बल्ब एकदम लखलखीत होईल तो बल्ब किंवा त्याचा होल्डर सदोष समजावा. बल्बच्या बुडाचा कथलाचा ठिपका झिजून पसरलेला असतो, किंवा होल्डरांतील पितळी पट्टी वाकून कडेस टेकलेली असते. एका तंतूचा बल्ब दोन तंतूंच्या होल्डरांत बसविलेला असेल तर ब्रेक दाबतांच पुढचे बारीक दिवेहि लागतात. असें दिसलें तर आधीं बल्ब पारखावा.

या प्रदेशाचीं म्हणून कांहीं खास कारणें आहेत. उन्हाळ्यांत चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि बोनेटखालील उष्णता त्याहून कितीतरी अधिक असते. तेथें जुन्या तारांचें आवरण कडक होऊन तडकतें. त्यानंतर येतो तो जोरदार पाऊस. चिखल चाकांच्या कमानींत बसतो, पाणी मागच्या दिव्यांच्या कांचेंत शिरतें आणि होल्डरांवर हिरवट गंज चढतो. धानाच्या कोठारांजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर बिऱ्हाड करतात आणि तारा कुरतडतात. बोनेटखालीं लेंड्या किंवा तनसाच्या काड्या दिसल्या तर प्रथम तेथेंच पाहावें. शिवाय हौसेनें जोडलेल्या वस्तु असतात : रेडिओ, जादा हॉर्न, झगमगते दिवे. रेडिओच्या मागें एक बारीक तार त्याचा दर्शनी भाग उजळण्यासाठीं असते. ती दिव्यांच्या तारेस जोडून किंवा नुसती उघडी सोडून दिली म्हणजे डॅशबोर्डामागें ती कोठेंतरी टेकते, आणि मागच्या दिव्यांचा फ्यूज जातो. कारण पुढें आणि परिणाम मागें, असा हा प्रकार असल्यानें पुष्कळांस तो उमगत नाहीं. यासाठीं नवी वस्तु कोणत्या दिवशीं बसविली आणि फ्यूज जाण्यास कोणत्या दिवसापासून आरंभ झाला, या दोन तारखा ताडून पाहाव्या.

पुढच्या मोठ्या दिव्यांचा फ्यूज कांहीं मिनिटांनीं जात असेल तर बल्बवरील आंकडा वाचावा. सर्वसाधारण बल्ब ६० व ५५ वॉटचा असतो. तो १२ व्होल्टवर ५ अँपिअर घेतो. जंगलांत दूरवर दिसावें म्हणून कित्येकजण १०० किंवा १३० वॉटचे बल्ब बसवितात. १०० वॉटचा बल्ब सव्वाआठ अँपिअर घेतो आणि १३० चा पावणेअकरांहून अधिक. मूळच्या तारा, बटण आणि होल्डर हे सारे पांच अँपिअरच्या हिशेबानें केलेले. ते तापतात, होल्डर वितळतो आणि शेवटीं फ्यूज जातो. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपून अपघात होतो तो निराळाच. जादा दिवे हवेच असतील तर त्यांस बॅटरीपासून स्वतंत्र जाड तार, बॅटरीजवळच स्वतंत्र फ्यूज आणि रिले पाहिजे, आणि तेहि नियमांत बसणारे पाहिजेत.

दोष सांपडल्यावर दुरुस्ती पक्की करावी. प्रथम बॅटरीचें ऋण टोक सोडावें. कापलेली तार नुसत्या टेपनें गुंडाळून भागत नाहीं. उष्णतेनें टेपचा चिकटपणा जातो आणि पावसाळ्यांत पुनः तोच प्रसंग येतो. खराब भाग कापून तितक्याच जाडीची तार जोडावी, सांधा डाग देऊन पक्का करावा, त्यावर आवळून बसणारी नळी चढवावी आणि भोंकांत नवें रबरी कडें घालावें. तार तापणाऱ्या एक्झॉस्टच्या नळीपासून दूर बांधावी. मग परीक्षेचा बल्ब काढून, गाडीच्या पुस्तकांत किंवा फ्यूजपेटीच्या झांकणावर जो आंकडा असेल त्याच आंकड्याचा फ्यूज बसवावा. शेवटीं सर्व दिवे लावून गाडी खडबडीत रस्त्यावर थोडी फिरवून पाहावी. उभ्या गाडींत निर्दोष दिसणारी तार धक्क्यानें आपलें खरें रूप दाखविते.

येथें एक मर्यादा सांगणें अवश्य आहे. अलीकडच्या पुष्कळ मोटारींत दिव्यांचें नियंत्रण संगणकासारख्या पेटीकडून होतें आणि बल्बच्या जागीं एलईडी असतात. अशा गाड्यांत वरील परीक्षेनें फसगत होऊं शकते व महागडी पेटीहि बिघडूं शकते. तसेंच पिवळ्या आवरणाच्या तारा बहुधा एअरबॅगच्या असतात. त्यांस घरीं हात लावूं नये. अशा वेळीं फ्यूज केव्हां जातो याची टिपलेली माहिती घेऊन जाणत्या माणसाकडे जावें.

परंतु रात्र आहे, रान आहे आणि फ्यूज गेला आहे, तर काय? गाडी रस्त्याच्या कडेस घ्यावी आणि चारहि कोपऱ्यांचे लुकलुकणारे इशाऱ्याचे दिवे लावावे. बहुतेक गाड्यांत त्यांचा फ्यूज वेगळा असतो. वाघ-अस्वलांच्या रानांत अंधारांत खालीं उतरून डिकींत डोकें घालून बसूं नये. या जिल्ह्यांत वाघांच्या हल्ल्यांत माणसें दगावतात, ही गोष्ट हंसण्यावारी नेण्याची नव्हे. फ्यूजपेटी आंत हाताशीं असेल तर विजेरीच्या उजेडांत त्याच आंकड्याचा फ्यूज एकदां बसवून पाहावा. रेडिओसारखी जादा वस्तु ओढून सुटी करतां येत असेल तर ती आधीं सोडावी. दुसराहि फ्यूज गेला तर तिसरा जाळूं नये; दुसऱ्या गाडीची वाट पाहावी आणि तिच्या सोबतीनें, आपली गाडी तिच्या पुढें ठेवून, म्हणजे तिच्या दिव्यांत आपली पाठ दिसत राहील अशा रीतीनें, जवळच्या गांवापर्यंत सावकाश जावें. पुढचे मोठे दिवेच गेले असतील तर मात्र गाडी हलवूं नये. आजारी माणूस बरोबर असल्यास त्याला दुसऱ्या गाडींत बसवून पुढें धाडावें. गाडी सकाळीं नेतां येते.

म्हणून या मुलखांत फिरणाऱ्या प्रत्येक गाडींत योग्य आंकड्यांचे चार-पांच फ्यूज, एक विजेरी, परीक्षेचा एक बल्ब आणि मागें ठेवण्याचा चमकता त्रिकोण एवढी शिदोरी असावी. तिला डब्याएवढीहि जागा लागत नाहीं. तिच्यापेक्षांहि मोलाची शिदोरी म्हणजे फ्यूजकडे पाहण्याची दृष्टि. तो शत्रु नव्हे. तो आपला जीव देऊन गाडी वाचविणारा इमानी राखणदार आहे. तो एकदां पडला तर अपघात म्हणतां येईल. तो पुनः पुनः पडत असेल तर आंत कोणीतरी घरफोडी करीत आहे, असें तो सांगत असतो. शहाण्या माणसानें राखणदाराच्या जागीं दगडी पुतळा उभा करूं नये. दिवा घेऊन घर तपासावें.